७ जूनचा जबाब

५ जून २००३च्या रात्री नाशिकजवळ बागेतल्या एका झोपडीवर दरोडा पडला. पाच माणसं मारली गेली, बलात्कार झाला. झोपडीतली आई आणि तिचा एक मुलगा जबर जखमी होऊन वाचले. दोन दिवसांनी, ७ जूनला, पोलिसांनी त्या आईला रेकॉर्डवरच्या गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला. दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब झाला. अल्बममधले चार चेहरे त्यांनी ओळखले.

पुढे या गुन्ह्यात सहा जणांना फाशीची शिक्षा झाली. ओळखलेल्या चौघांपैकी एकही त्या सहांत नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडलं. न्या. ए. के. सिक्री, न्या. एस. अब्दुल नझीर आणि न्या. एम. आर. शहा यांचं हे खंडपीठ होतं. निकालाच्या शीर्षकात पहिल्या आरोपीचं नाव आहे, पण तो गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. त्यामुळे इथे मी ते नाव लिहीत नाही, मृतांची आणि पीडितांचीही नावं लिहीत नाही. ज्याला निकाल शोधायचाय त्याला तारीख आणि न्यायमूर्तींची नावं पुरेशी आहेत.

चुकीच्या शिक्षेचं प्रकरण म्हटलं की आपण खोटा साक्षीदार शोधायला लागतो, नाहीतर लाच खाल्लेला अधिकारी. इथे तो शोध घेत बसलं तर खरी गोष्ट निसटते. दोन साक्षीदार होते आणि दोघांनी डोळ्यांदेखत आपली माणसं मरताना पाहिली होती. खोटं बोलण्यात त्यांचा काही फायदा नव्हता. त्यांच्यातल्या एकीने, घटना ताजी असताना, काहीतरी ठोस सांगितलं होतं आणि ते कागदावर उतरलंही होतं. सरकारी पक्षाने तो कागद न्यायालयासमोर आणला नाही, आणि तीन न्यायालयांनी त्याच्याविना निकाल दिले. हे प्रकरण मुख्यतः त्या एका कागदाचं आहे.

अटक

पुढे पोलिसांनी जे सहा जण पकडले ते जालना जिल्ह्यातले भटक्या जमातीचे मजूर होते. तक्रारदारांची आणि त्यांची आधी ओळखपाळख नव्हती, वैर नव्हतं, जमिनीचा वाद नव्हता. अशा गुन्ह्यात, जिथे हल्लेखोर पूर्ण अनोळखी असतात, सगळा खटला एकाच खुंटीला टांगलेला असतो: साक्षीदाराने आरोपीला ओळखलं का? बाकीचा पुरावा त्या खुंटीला आधार देण्यापुरता.

नाशिकच्या सत्र न्यायालयात सरकारी पक्षाची मदार त्या मुलाच्या आणि आईच्या साक्षीवर होती. ओळख परेड झाली होती, आणि साक्षीच्या पिंजऱ्यातूनही ओळखवण्यात आलं. १२ जून २००६ला सहाही जणांना फाशी.

ओळख परेडबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण सिनेमातल्या काचेमागच्या रांगेपलीकडे ती कुणी फारशी पाहिलेली नसते. महाराष्ट्रात ती बहुधा तुरुंगात होते आणि कार्यकारी दंडाधिकारी ती घेतात. आरोपीच्या वयाची, अंगकाठीची, साधारण तशाच रंगरूपाची माणसं गोळा करून त्याच्या आजूबाजूला उभी करायची. त्यांना डमी म्हणतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेचा दंडक असा की एक आरोपी असेल तर रांगेत साधारण अर्धा डझन माणसं हवीत, दोन असतील तर दहा-बारा, आणि एका परेडमध्ये दोनपेक्षा जास्त आरोपी नकोत. म्हणजे सहा आरोपी असतील तर किमान तीन परेडी आणि तीन वेळा डमी. परेडच्या जागी तपास करणाऱ्या पोलिसाने थांबायचं नाही. अटकेपासून परेडपर्यंत आरोपीच्या तोंडावर बुरखा हवा, साक्षीदाराने त्याला आधी कुठेही पाहिलेलं नसावं. आरोपीला रांगेत हवी ती जागा घेऊ द्यायची, एक साक्षीदार येऊन गेला की जागा बदलू द्यायची, कपडे बदलायचे असतील तर तेही. दोन पंच हवेत, आणि घडलं तसं टिपण लिहायचं.

एवढा काटेकोरपणा कशाला? तर माणसाची स्मृती कपाटात ठेवलेल्या फोटोसारखी नसते, दर वेळी आठवताना ती नव्याने जुळवली जाते. भीतीच्या क्षणी, रात्री, दिव्याच्या उजेडात पाहिलेला चेहरा तर मुळातच अर्धा असतो. उरलेला अर्धा भाग नंतर दिसलेल्या चेहऱ्यांनी भरून निघतो आणि साक्षीदाराला ते कळतही नाही. त्याची खात्री मात्र दिवसेंदिवस वाढत जाते. अमेरिकेत डीएनए चाचणीने निर्दोष ठरलेल्या कैद्यांच्या प्रकरणांत सगळ्यात जास्त आढळलेलं कारण हेच, साक्षीदाराने केलेली चुकीची ओळख. त्यातले बहुतेक साक्षीदार प्रामाणिक होते.

म्हणून जो कायदा ओळख परेडीला एवढं जपतो, तोच तिला मूळ पुरावा मानत नाही. मूळ पुरावा म्हणजे न्यायालयात, शपथेवर, ‘हाच तो’ असं सांगणं. परेड ही त्याला दिलेली पुष्टी. कागदावर हे बरोबर आहे. प्रत्यक्षात सत्र न्यायालयाच्या खोलीत बसून बघा. आरोपींच्या पिंजऱ्यात पोलिसांच्या पहाऱ्यात सहा माणसं बसलेली, बाकी खोलीत काळे कोट, शिपाई आणि लघुलेखक. त्यात दरोडेखोर कोण असं विचारल्यावर चुकणं जवळजवळ अशक्य.

आता याच्या शेजारी ७ जूनचा जबाब ठेवा. घटनेला दोन दिवस झालेले आणि आरोपी म्हणून अजून कुणीच समोर नाही. समोर आहे तो पोलिसांनीच ठेवलेला अल्बम. नंतरची सगळी ओळख याहून उशिराची, याहून जास्त सूचना मिसळलेली. तरीही वजन पडलं ते नंतरच्या ओळखीचं, आधीचं बाजूला राहिलं.

अल्बमवरून केलेली ओळख बिनचूक असते असं मात्र म्हणता येत नाही. बाईंनी दाखवलेले चौघेच गुन्हेगार होते, हे या निकालात सिद्ध झालेलं नाही, आणि मीही तसं म्हणत नाही. फोटो चुकू शकतो. पण प्रत्यक्ष साक्षीदाराने चार माणसं दाखवल्यावर पोलिसांनी त्या चौघांचा तपास करायचा असतो: त्या रात्री ते कुठे होते, कुणी पाहिलं होतं का, त्यांच्याकडे काही सापडतं का. निर्दोष निघाले तर तसं लिहायचं. सर्वोच्च न्यायालयाला खटकलं ते हेच, की त्या चौघांच्या बाबतीत तपासच झाला नाही, आणि का झाला नाही याचं उत्तरही नव्हतं.

उलटतपासणीत काय विचारणार?

आरोपीच्या वकिलाच्या जागी उभं राहून पाहू.

समोर साक्षीदार आहे, जिच्या घरातली माणसं मारली गेली. अशा बाईंची उलटतपासणी घेणं ही वकिलीतली सगळ्यात अवघड कामगिरी. आवाज चढवला की न्यायाधीश आणि खोलीतला प्रत्येक माणूस तुमच्या विरोधात. तुमच्या हातात असतं काय? अंधार किती होता, दिवा कुठे होता, चेहरे किती वेळ दिसले, पोलिसांनी आधी दाखवलं होतं का. ठरलेले प्रश्न आणि ठरलेली उत्तरं.

७ जूनचा कागद हातात असता तर एकच प्रश्न पुरला असता. तेव्हाच्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १४५ प्रमाणे साक्षीदाराला तिचा आधीचा लेखी जबाब दाखवून विचारता येत होतं, की तेव्हा तुम्ही हे चार जण सांगितले होते ना? मग हे सहा कुठून आले? साक्षीदाराला खोटं पाडायची गरज नव्हती आणि आवाज चढवायचीही नाही. त्या एका कागदाने वाजवी संशय उभा राहिला असता, आणि फौजदारी खटल्यात आरोपीला तेवढाच लागतो.

कागद वकिलाकडे का नसतो याचं उत्तर कायद्याच्या भाषेतच दडलेलं आहे. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार दोषारोपपत्राबरोबर आरोपीला ज्या कागदपत्रांच्या प्रती मिळत, त्या ‘ज्यांवर सरकारी पक्ष विसंबून आहे’ अशा कागदांच्या. ज्यांवर विसंबून नाही, ते तपासी अंमलदाराच्या गठ्ठ्यात. सरकारी पक्ष कुठल्या कागदावर विसंबणार हे सरकारी पक्षच ठरवणार. आरोपीला सोडवू शकेल असा कागद नेमका त्या दुसऱ्या गठ्ठ्यात जातो, आणि तिथे तो आहे हे आरोपीला माहीतच नसतं. माहीत नसलेला कागद मागणार कसा? पुरावा कायद्याच्या कलम ११४(ग) मध्ये सोय होती खरी: हाताशी असलेला पुरावा दडवला तर तो दडवणाऱ्याच्या विरुद्ध असेल असं न्यायालय धरून चालू शकत होतं. पण पुरावा दडवला गेलाय हे आधी कळायला तर हवं.

आरोपी खिशाने भक्कम असेल तर त्याचा वकील स्टेशन डायरी मागवतो, माहिती अधिकारात अर्ज टाकतो, तपासी अंमलदाराला दोन-दोन दिवस उभा करतो. भटक्या जमातीच्या मजुरांच्या खटल्यात हे होत नाही, आणि का होत नाही ते फोडून सांगायला नको.

एकच फाइल, तीन मजले

फाशीच्या शिक्षेला आपल्याकडे भरपूर चाळण्या आहेत असं नेहमी सांगितलं जातं, आणि मोजायला गेलं तर ते खरंही आहे. सत्र न्यायालयाने फाशी दिली तरी उच्च न्यायालयाने ती कायम केल्याशिवाय अंमलात येत नाही. १९७३च्या संहितेचं कलम ३६६ तसं सांगत होतं. मग सर्वोच्च न्यायालयात अपील, पुनर्विलोकन (त्याच न्यायालयाने आपल्या निकालाचा केलेला फेरविचार), त्यानंतरची शेवटची उपचारात्मक याचिका, आणि शेवटी राज्यपाल आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज.

या प्रकरणात चाळण्या अशा लागल्या. मुंबई उच्च न्यायालयाने २२ मार्च २००७ला सहाही जणांचा दोष कायम ठेवला. तिघांची फाशी कायम केली, तिघांची जन्मठेपेत बदलली. तिघांच्या फाशीला आव्हान गेलं. राज्य सरकारनेही अपील केलं, उरलेल्या तिघांनाही फाशी हवी म्हणून. ३० एप्रिल २००९ला सर्वोच्च न्यायालयाने (न्या. अरिजित पसायत आणि न्या. मुकुंदकम शर्मा) सरकारचं म्हणणं मान्य केलं. पुन्हा सहाही जण फासाच्या दोरीखाली.

प्रत्येक मजल्यावर जाणकार न्यायमूर्ती होते. मग कुणाला कसं दिसलं नाही? कारण वरच्या मजल्यावर जाते ती खालच्या मजल्याचीच फाइल. अपिलात नवा पुरावा घेण्याची तरतूद आहे, पण ती क्वचित वापरली जाते आणि वापरायला कुणीतरी मागणी करावी लागते. शिवाय दोन न्यायालयांचं वस्तुस्थितीवर एकमत झालं की सर्वोच्च न्यायालय सहसा त्यात हात घालत नाही. म्हणजे खालची चूक वर जाताना पातळ होण्याऐवजी घट्ट होत जाते. ‘तीन न्यायालयांनी दोषी ठरवलं’ हे वाक्य ऐकताना तिघांनी वेगवेगळं तपासलं असं वाटतं. इथे तिघांनी एकच अपुरी वही वाचली होती.

रावजी प्रकरणाचा फेरा

यापुढचा भाग चमत्कारिक आहे. या सहा जणांचा जीव वाचण्याची वाट त्यांच्या निर्दोषपणावरून गेली नाही. ती सुरू झाली शिक्षेच्या प्रमाणावरून झालेल्या एका वेगळ्याच वादातून.

१९८०च्या बचनसिंग निकालाने ‘दुर्मिळातल्या दुर्मीळ’ प्रकरणातच फाशी द्यावी असं सांगितलं. त्यासाठी गुन्हा आणि गुन्हेगार, दोन्ही तोलायचे: गुन्हा किती क्रूर, आणि माणूस कोण, वय काय, परिस्थिती काय, सुधारण्याची शक्यता किती. १९९५च्या रावजी प्रकरणात दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने मात्र उलटं म्हटलं, की शिक्षा ठरवताना गुन्ह्याचं स्वरूप बघायचं, गुन्हेगार नाही. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाच्या विरोधात जाणारं हे मत पुढच्या अनेक निकालांत जसंच्या तसं उतरत गेलं. ३० एप्रिल २००९चा आपला निकालही त्याच वाटेने गेलेला.

त्यानंतर अवघ्या १३ दिवसांनी, १३ मे २००९ला, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने बरियार प्रकरणात सांगितलं की रावजी आणि त्याच्यावर बेतलेले निकाल बंधनकारक कायद्याकडे दुर्लक्ष करून दिले गेले होते. तेरा दिवस! तारखा अलीकडे-पलीकडे झाल्या असत्या तर, असा विचार मनात येतोच.

२०१२मध्ये १४ निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना लिहिलं: अशा चुकीच्या निकालांमुळे १३ जण फाशीच्या छायेत आहेत, त्यांची शिक्षा बदला. हे सहा जण त्या तेरांत होते. त्याच वर्षी हेही पुढे आलं की सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी १८ वर्षांचाही नव्हता. २०००च्या बाल न्याय कायद्यानुसार अल्पवयीनाला फाशी देताच येत नाही. जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवता येतं. त्याला फाशी देताना सत्र न्यायालयात, उच्च न्यायालयात, सर्वोच्च न्यायालयात त्याचं वय कुणी नीट तपासलं नव्हतं. ज्या व्यवस्थेला आरोपीचं वय बरोबर कळलं नाही, तिला त्याचा दोष बरोबर कळला असेल असं का धरायचं, हा प्रश्न तेव्हा विचारायला हवा होता.

न्यायमूर्तींच्या पत्राचा रोख शिक्षेवर होता. गुन्हा कुणी केला यावर नव्हता. तरी त्यामुळे फाइल जिवंत राहिली. २ सप्टेंबर २०१४ला मोहम्मद आरिफ प्रकरणात घटनापीठाने ठरवलं की फाशीच्या प्रकरणातलं पुनर्विलोकन बंद दालनात कागद फिरवून होणार नाही, खुल्या न्यायालयात आणि तीन न्यायमूर्तींसमोर तोंडी सुनावणी द्यावी लागेल. ३१ ऑक्टोबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने आपला २००९चा निकाल मागे घेतला आणि अपिलं पुन्हा पहिल्यापासून ऐकायचं ठरवलं. सर्वोच्च न्यायालय स्वतःचा फाशीचा निकाल असा मागे घेतं हे फारच विरळा.

इथे एक अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. या सहा जणांना फाशीऐवजी जन्मठेप झाली असती, तर निवृत्त न्यायमूर्तींनी पत्र लिहिलं नसतं आणि खुली सुनावणीही मिळाली नसती. फाइल पुन्हा कुणी उघडली असती की नाही, याची मला शंका आहे. फाशीने त्यांना मारायला काढलं आणि फाशीमुळेच कुणीतरी पुन्हा वाचलं. जन्मठेपेच्या बराकीत अशा किती फाइली असतील याचा अंदाज करायलाही आपल्याकडे साधन नाही.

५ मार्च २०१९

निकाल वाचताना जाणवतं की न्यायालयाने फार वळणं घेतलेली नाहीत. आईने दंडाधिकाऱ्यांसमोर चार जण ओळखले, ते आरोपींत नाहीत, त्यांचा तपास नाही. एवढ्यावरच सरकारी पक्षाची इमारत हलते. तपासातल्या गंभीर त्रुटींमुळे निष्पक्ष तपास आणि निष्पक्ष खटल्याचा हक्क डावलला गेला आणि संविधानाच्या अनुच्छेद २० आणि २१चा भंग झाला, असं न्यायालयाने म्हटलं. आरोपी भटक्या जमातीचे, समाजाच्या तळातले, अत्यंत गरीब मजूर आहेत, त्यांना खोटं गुंतवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असंही नोंदवलं. या कसुरीमुळे खरे गुन्हेगार मोकळे सुटले, हेही.

‘भटक्या जमातीचे’ या दोन शब्दांना महाराष्ट्रात इतिहास आहे. इंग्रजांनी १८७१मध्ये कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. हजेरी लावायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा गेला, तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण १९५९मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला आणि पोलिसांच्या नजरेतली यादी फारशी बदलली नाही. दरोडा पडला की भटक्यांचं पाल (तंबू) कुठे उतरलंय ते आधी बघायचं, ही सवय कायद्याच्या पुस्तकातून गेली तरी ठाण्यातून गेलेली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ला तुरुंगातल्या जातिभेदावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांना पुन्हा बजावावं लागलं की विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक करू नका.

निकालात फाशी यार्डातल्या एकांताचीही दखल आहे. ते कैदी इतर कैद्यांपासून वेगळे ठेवले जातात, आणि रोज सकाळी उठल्यावर आज काही कळणार का, ही धास्ती. यावर मी जास्त लिहीत नाही. बाहेर बसून लिहिलेलं कमीच पडतं.

न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकी ५ लाख रुपये एका महिन्यात देण्याचा आदेश दिला. आणि गृहखात्याच्या सचिवांना सांगितलं की तीन महिन्यांत जबाबदार अधिकारी शोधा, आणि ते अजून नोकरीत असतील तर विभागीय कारवाई करा. ‘अजून नोकरीत असतील तर’. तपासापासून निकालापर्यंत जवळपास १६ वर्षं गेली होती.

५ लाखांना त्या १६ वर्षांनी भागून पाहिलं. दिवसाला साधारण ८५ रुपये येतात.

तरीही हे मिळालं म्हणून नशीब, असं म्हणायची वेळ आहे, कारण निर्दोष सुटलेल्या माणसाला भरपाईचा कायदेशीर हक्क आपल्याकडे नाही. १९८३च्या रुदुल साह प्रकरणात, निर्दोष सुटल्यानंतरही १४ वर्षं बिहारच्या तुरुंगात ठेवलेल्या माणसाला सर्वोच्च न्यायालयाने ३५,००० रुपये दिले, तेव्हापासून हा मामला न्यायालयाच्या मर्जीवर चालतो. १९७३च्या संहितेच्या कलम ३५८मध्ये विनाकारण अटकेसाठी भरपाई होती: जास्तीत जास्त १,००० रुपये, आणि तीही अटक करवणाऱ्या माणसाकडून. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही तो आकडा १,०००च आहे. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात चुकीच्या शिक्षेसाठी भरपाई सांगितलेली आहे आणि भारत १९७९पासून त्या कराराचा सदस्य आहे. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८मध्ये, म्हणजे या निकालाच्या सहा-सात महिने आधी, आपल्या २७७व्या अहवालात चुकीच्या खटल्यांसाठी भरपाईचा स्वतंत्र कायदा सुचवला होता. कायदा झाला नाही.

या सगळ्यात ती आई आणि तो मुलगा कुठे आहेत? बहुतेक चर्चांत ते गळून पडतात. त्यांना तीन वेळा सांगितलं गेलं की तुमच्या माणसांचे मारेकरी सापडले, शिक्षा झाली. चौथ्या वेळी सांगितलं गेलं की ते हे नव्हतेच. आईने तर पहिल्याच आठवड्यात, जखमी अवस्थेत, आपल्या बाजूचं काम केलं होतं.

कागदाचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. २० एप्रिल २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी खटल्यांतल्या उणिवांवर स्वतःहून घेतलेल्या प्रकरणात निर्णय दिला. त्यातल्या नियमांच्या मसुद्याप्रमाणे आरोपीला दोषारोपपत्राबरोबर आणखी एक यादी द्यायची: तपासात गोळा झालेले पण सरकारी पक्ष ज्यांवर विसंबून नाही असे जबाब, कागद आणि वस्तू यांची. यादीत नाव दिसलं की आरोपी तो कागद मागू शकतो. २०२२च्या मनोज प्रकरणात न्यायालयाने ही यादी देण्यावर पुन्हा भर दिला.

यादी पोलीस करणार, हे खरंच. त्यात काय लिहायचं राहिलं ते बाहेरून कळणार नाही. म्हणून आता अनोळखी आरोपींच्या खटल्यात सावध वकील यादी मागतो, आणि ती हातात आल्यावरही तपासी अंमलदाराला पिंजऱ्यात उभा करून तीन साधे प्रश्न विचारतो. अटकेच्या आधी साक्षीदाराला अल्बम दाखवला होता का? कुठल्या तारखेला? त्यावर जो जबाब झाला, तो कुठे आहे?